इम्प्लांटच्या ऑपरेशननंतर सायकल : सीट, पंप आणि कोल्हापूरचे खड्डे

कळंबा_वारी
नमस्कार मंडळी. आयडी नवा काढलाय, कारण नेहमीच्या आयडीला अर्धी तालीम ओळखते.

वय ५७. मधुमेह जुना, त्यात ताठरतेचा त्रास. त्यावरच्या गोळ्यांनी भागेना, इंजेक्शनचा कंटाळा आला, शेवटी पुण्याला जाऊन पिनाइल इम्प्लांट (ताठरतेसाठी लिंगात बसवायचं उपकरण) बसवून घेतलं. तीन भागांचं, पंपवालं. त्या बाबतीत काही तक्रार नाही, घरीही नाही (एवढ्यावर थांबतो). तीन महिने उलटून गेलेत. परवा तपासणीला गेलो तर डॉक्टर म्हणाले, आता सायकलला हरकत नाही. बाहेर रांग एवढी होती की पुढचं विचारायचं राहिलं.

आता अडचण सांगतो. मंगळवार पेठेतून कळंबा तलावापर्यंत जाऊन यायची जुनी सवय. सुरुवातीला बरं वाटतं, मग सीटचं टोक बरोबर मधे दाबायला लागतं. अंडकोषाच्या पिशवीतला पंप कधी सीट आणि मांडीच्या मधे सापडतो. खड्डा दिसला की मी आधी ब्रेक दाबतो, मग देवाचं नाव घेतो. सायकल साधी हायब्रिड आहे, सीट कंपनीचीच.

विचारायचं असं, की कोणी इम्प्लांटनंतर नेमाने सायकल चालवतं का? सीट कुठली? बसण्याने आतलं काही फुटतं-बिटतं का? टिंगल केली तरी चालेल, पण सोबत एखादं कामाचं वाक्य टाका.

पेठेतला_पोपट
सायकलला एक पंप, मालकाला एक पंप. नाद खुळा!
कामाचं वाक्य : टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा, खड्डे कमी लागतात.

घाटमाथा
पोपटराव, वाक्य खरंच कामाचं आहे.

कळंबा_वारी, मी तुमच्याच पंगतीतला. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यानंतर काही वर्षांनी इम्प्लांट. आज रोज सायकल चालवतो आणि थंडीत पन्हाळाही करतो. म्हणजे होतं. फक्त पहिल्यासारखं टांग टाकली आणि निघालो, असं होत नाही.

माझी पद्धत सांगतो. निघण्याआधी इम्प्लांट पूर्ण रिकामं, म्हणजे ढिलं, करायचं. अर्धवट राहिलं तर वाकून बसल्यावर ते भलतीकडे दुमडतं आणि अवघडल्यासारखं होतं. मग चड्डीत सगळं वर, बेंबीच्या दिशेला. पंप बोटांनी चाचपून पुढे आणि जरा एका बाजूला आणायचा, सीटवर बसताना तो खाली राहता कामा नये. चड्डी सायकलची, पॅडवाली, आणि तिच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही. आतल्या चड्डीची शिवण नेमकी नको तिथे येते.

सीट मधे खाच असलेली. हँडल सीटच्या बरोबरीने किंवा जरा वर. आणि दर थोड्या वेळाने पेडलवर उभं राहायचं. मी तर प्रत्येक स्पीडब्रेकरला उठतो. आपल्या गावात तेवढ्यानेच भरपूर व्यायाम होतो.

रंकाळा_फेरी
मला एक कळत नाही. एवढं लाखांचं ऑपरेशन करून घेतलंय, तर त्याच्यावर बसून उड्या मारायची हौस कशाला? सकाळी रंकाळ्याला चाला, येताना गंगावेशीत दूध प्या, विषय संपला. सगळ्याच गोष्टी सगळ्या वयात करायच्या नसतात.

कळंबा_वारी
फेरीसाहेब, चाललो असतो. दोन्ही गुडघे गेलेत. हाडांच्या डॉक्टरांनीच सांगितलंय, चालणं कमी, सायकल जास्त. आणि साखर आटोक्यात ठेवायला काहीतरी हलावं तर लागणार.

रंकाळा_फेरी
मग बरोबर आहे. तरी घरातली उभी सायकल हा एक पर्याय आहे म्हणतो मी.

घाटमाथा
तिची सीट तर जास्त वाईट असते राव. आणि तिच्यावर माणूस एकदा बसला की उठतच नाही, समोर टीव्ही चालू. रस्त्यावर निदान सिग्नलला पाय टेकतो.

डॉ_मूत्रमार्गी
युरॉलॉजिस्ट आहे, मिरजेकडचा. इथे कोणाला तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा. पण आत काय असतं ते समजलं तर निम्मी भीती जाते.

पंपवालं इम्प्लांट १९७३ साली अमेरिकेत ह्यूस्टनला डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी आणलं. आज जे बसवतात त्याचा आराखडा मुळात तोच. लिंगात दोन सिलिंडर, ओटीपोटात सलाइनची छोटी टाकी, अंडकोषाच्या पिशवीत पंप. पंप दाबला की टाकीतलं सलाइन सिलिंडरमध्ये जातं आणि ताठरता येते. लोकांना वाटतं सिलिंडर बाहेर दिसतो तेवढाच. तसं नाही. त्याची मागची टोकं आत जाऊन बैठकीच्या हाडांपाशी टेकतात. अंडकोष आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेत हात लावून बघा, त्याच्याच खोलीत ती असतात. सायकलच्या सीटचं टोक दाबतं तीही तीच जागा.

सायकलवर बसल्याने सिलिंडर फुटतो असं नाही. भाग मजबूत असतात, बरीच इम्प्लांट दहा वर्षं आणि त्याहून जास्त चालतात. आणि कधी गळती झालीच तर बाहेर येतं ते सलाइन, शरीर ते शोषून घेतं. इम्प्लांट चालायचं बंद होतं आणि बदलावं लागतं, विष पसरत नाही. मला काळजी वेगळीच असते : भरून न आलेल्या जखमेवर दाब, पंपावरच्या कातडीला सततचं घर्षण, आणि जोरात आपटणं. म्हणून पहिले दीड-दोन महिने सायकल नाहीच, काही सर्जन तीन महिने सांगतात. तुम्ही त्यापुढे आला आहात.

मधुमेह आहे म्हणून एक गोष्ट ठळक सांगतो. मधुमेहात त्या भागाची संवेदना कमी झालेली असू शकते. इतरांना कातडी सोलल्यावर झोंबतं, तुम्हाला कदाचित कळणारही नाही. घरी आल्यावर आरसा घेऊन बघायचं. पंपावरची कातडी लाल, चकचकीत, पातळ दिसली, पंप कातडीला आतून चिकटल्यासारखा वाटला, ताप, सूज, पू यांतलं काहीही दिसलं, तर सायकल बाजूला आणि त्याच दिवशी सर्जनला फोन. संसर्ग झाला तर बहुतेक वेळा सगळं काढावं लागतं, म्हणून इथे ‘बघू दोन दिवस’ नको.

उद्यमनगर_लेथ
डॉक्टरसाहेब, हे तर आमचं हायड्रॉलिकच झालं! टाकी, पंप, दोन सिलिंडर, आणि मधे एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह. आमच्या शेडमध्ये चाळीस टनी प्रेस आहे, तिचं हेच.

एक शंका. माणूस पुढे वाकला की पोट दाबलं जाणार. टाकी पोटात. मग पाणी आपोआप सिलिंडरकडे ढकललं जाणार नाही का? चढावर मान खाली घालून पेडल मारतोय आणि खाली गाडी आपली आपण चालू.

पेठेतला_पोपट
जोतिबाच्या घाटात असं झालं तर लोक नवस बोलतील.

डॉ_मूत्रमार्गी
हसू आलं, पण प्रश्न अचूक आहे. असं होतं, त्याला आपोआप फुगणं म्हणतात. जुन्या इम्प्लांटमध्ये जास्त व्हायचं. हल्लीच्यात ते रोखणारा व्हॉल्व्ह दिलेला असतो, तरी थोडं कधीकधी होतं. धोका नाही. थांबून रिकामं करायचं. वारंवार होत असेल तर सर्जनला दाखवा, आणि हँडल वर घ्या, पोट कमी दाबलं जाईल.

बुलेटराजा
एवढं डोकं कशाला लावता? बाजारात जेलचं कव्हर मिळतं, चढवा सीटवर. गादीसारखं मऊ. मी बुलेटलासुद्धा घातलंय.

सायकल_मिस्त्री
राजे, इथेच फसतात लोक. फार मऊ सीटवर बसलं की हाडं आत रुततात आणि मधला भाग वर उचलून येतो. म्हणजे जिथे दाब नको, तिथेच तो वाढतो. मऊ सीट दुकानात बोटाने दाबायला छान लागते, अर्ध्या तासाने रडवते. इम्प्लांट नसलेल्यांनाही हेच सांगतो.

वजन बसलं पाहिजे ढुंगणाच्या दोन हाडांवर. त्यासाठी सीट मऊ नको, रुंदीला बरोबर हवी. रुंदी घरी मोजता येते. गुळाच्या बॉक्सचा नालीदार पुठ्ठा घ्या, लाकडी पाटावर ठेवा, पातळ चड्डीवर त्याच्यावर बसा, जरा पुढे वाका, गुडघे वर घ्या. मिनिटभराने उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवले की सीटची अंदाजे रुंदी आली. ताठ बसून चालवणाऱ्याला जरा जास्त लागते.

मग उंची. पेडल सगळ्यात खाली असताना टाच पेडलवर ठेवली तर गुडघा सरळ झाला पाहिजे. सीट जास्त उंच असेल तर माणूस डावी-उजवीकडे घासत चालवतो, आणि तुमच्या बाबतीत ते घासणं पंपावर. टोक सरळ किंवा अगदी किंचित खाली. लोक वैतागून टोक एकदम खाली करतात, मग घसरून पुढे येतात आणि परत टोकावरच बसतात.

गुलमोहर
मी बाई असून लिहू का नको असा विचार करत होते. आमच्या ह्यांचं वेगळ्या प्रकारचं इम्प्लांट आहे, वाकवायचं, पंप नसलेलं. मुंबईचे डॉ. रूपिन शाह यांच्या नावाचं देशी बनावटीचं. खर्चाला परवडलं.

त्यात पंप सापडायची भीती नाही, पण ते कायम कडकच असतं. ‘रिकामं करून निघा’ हा सल्ला ह्यांना लागू नाही. सुरुवातीला हे खाली वाकवून चड्डीत ठेवायचे आणि सीटवर बसले की टोक दाबलं जायचं. आता वर, पोटाला लावून ठेवतात, वरून घट्ट चड्डी आणि सैल टी-शर्ट. मी स्वतः दोन चड्ड्यांच्या शिवणी उसवून पुढे कापडाचा जादा पट्टा लावून दिलाय.

आणि सायकल माझी नेतात. दांडा नसलेली. टांग मागून टाकायची भानगड नाही, आणि अचानक उतरायची वेळ आली तर दांड्यावर आपटायची भीती नाही.

वस्ताद_नातू
पेठेत लेडीज सायकल? भावजी, जिगर लागते.

गुलमोहर
जिगर ऑपरेशनच्या वेळीच लागली होती. लेडीज सायकलला काय लागते?

उद्यमनगर_लेथ
ताईंनी एका वाक्यात खासबागचं कुस्तीचं मैदान जिंकलं.

वस्ताद_नातू
हरलो ताई 🙏

आता माझा खरा प्रश्न. आमच्या घरात तीन पिढ्या लंगोट. आजोबा म्हणायचे, लंगोट कसला की माणूस निम्मा सुरक्षित. इम्प्लांटवाल्याने सायकलला लंगोट घातला तर पंप जागच्या जागी राहणार नाही का?

डॉ_मूत्रमार्गी
आधार हवा, हे आजोबांचं बरोबर. ऑपरेशननंतर आम्हीही आधाराची चड्डी काही आठवडे घालायलाच सांगतो. पण कसलेला लंगोट सगळं खाली आणि मागे ओढतो आणि पट्टी पायांमधून जाते. पंप मागे गेला म्हणजे सीटखालीच गेला. त्यामुळे कुस्तीचा लंगोट सायकलला नको. पुढून उचलून धरणारी, बिनशिवणीची चड्डी बरी.

संपादक
धागा चांगला चाललाय. ‘टायर पंक्चर’ या विषयावरचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. सहाही पोपटाचे होते.

पेठेतला_पोपट
सातवा ड्राफ्टमध्ये आहे.

अनामिक_राजारामपुरी
एक विचारतो, विषयाला थोडं सोडून. मी रोज सकाळी विद्यापीठापर्यंत आणि परत, कधी पुढे उजळाईवाडीपर्यंत सायकल मारतो. कधीकधी उतरल्यावर खाली मुंग्या येतात, बधिर होतं. ऑफिसमध्ये एक जण म्हणाला, सायकलनेच नपुंसकत्व येतं. खरं का? इम्प्लांटपर्यंत जायची वेळ येणार का? वय ३४.

डॉ_मूत्रमार्गी
नाही, सायकल चालवणारा नपुंसक होतो असं नाही. २०१८ साली ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’त एक मोठी बहुदेशीय पाहणी आली. सायकलवाले, पोहणारे आणि धावणारे यांची तुलना केली होती. लैंगिक क्षमतेत सायकलवाले मागे नव्हते. मात्र बधिरता त्यांच्यात दिसली, आणि जे एकूण वेळेपैकी वीस टक्क्यांहून जास्त उभं राहून चालवत त्यांच्यात ती कमी होती. हँडल सीटपेक्षा खाली असलेल्यांना जास्त.

बधिरता म्हणजे मधल्या भागातली नस आणि रक्तवाहिनी दबतेय. ती अंगवळणी पाडून घ्यायची गोष्ट नाही. अमेरिकेत नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था आहे. तिने सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने टोक नसलेल्या सीट दिल्या, २००८ साली निष्कर्ष छापून आले. मधल्या भागावरचा दाब सुमारे दोन तृतीयांश कमी झाला आणि बधिरतेच्या तक्रारी खूप घटल्या. तेव्हा आधी सीट बदला. ऑफिसातल्या मित्राला घाबरू नका.

घाटमाथा
टोक नसलेली सीट मी वापरून पाहिली आहे. दाब खरंच जातो. पण टोक मांडीला लागतं म्हणून सायकल ताब्यात राहते, हे ते गेल्यावर कळतं. वळणावर पहिले काही दिवस चाचपडायला होतं, हातांवर वजन जास्त येतं. सपाट रस्त्याला उत्तम, पन्हाळ्याच्या उताराला मला भरवसा वाटेना. शेवटी आखूड टोकाची, लांब खाच असलेली घेतली.

सायकल_मिस्त्री
सहमत नाही. सवय झाली की उतारालाही काही होत नाही. माझ्याकडचे एक काका वापरतात.

घाटमाथा
काका उताराला ब्रेक किती दाबतात ते बघा.

बुलेटराजा
जेल कव्हर काढलं. मिस्त्रींचं खरं निघालं. बुलेटवरचं मात्र राहू देतो.

रंकाळा_फेरी
सगळं वाचलं. एक राहिलंय. तालमीत, मित्रांत कळलं तर? आपल्याकडे माणूस गुडघा बदलला तर पेढे वाटतो, आणि हे ऑपरेशन मात्र चोरून.

घाटमाथा
कोणाला कळत नाही. कपड्यातून दिसत नाही, पोहायच्या चड्डीतही नाही. मी दोघांना सांगितलंय. एक जण ‘बरं झालं’ म्हणाला आणि मिसळीचं बिल देऊन टाकलं. दुसऱ्याने महिन्याभराने हळूच डॉक्टरांचा नंबर मागितला.

कळंबा_वारी
मंडळी, आधी सगळ्यांना दंडवत. दोन आठवड्यांत जे केलं ते लिहितो.

पुठ्ठ्यावर बसलो. घरच्या मंडळींनी विचारलं काय चाललंय, मी म्हटलं मोजमाप. माझी हाडं कंपनीच्या सीटपेक्षा रुंद निघाली, म्हणजे इतके दिवस मी हाडांवर बसतच नव्हतो, सगळा भार मधे. मधे खाच असलेली, जरा रुंद सीट घेतली. उंची कमी केली. खाली एकच पॅडवाली चड्डी. निघताना रिकामं करून, पंप पुढे घेऊन. टायरची हवाही कमी केली, पोपटाचे आभार.

फरक लगेच कळला. कळंब्यापर्यंत टोचलं नाही. खड्ड्याला उठायची सवय लागतेय, गुडघे कुरकुरतात पण ऐकतात. घरी येऊन आरशात बघतो, कातडी ठीक आहे. पुण्याला फोन करून डॉक्टरांनाही सांगितलं, त्यांनी पुढच्या खेपेला पंपाची जागा तपासतो म्हटलंय आणि घाट सध्या नको म्हणून बजावलंय.

एक उरलंय. हँडल अजून खाली आहे. माझ्या सायकलचा स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग) वर सरकत नाही, वर उचलणारा जोड दुकानात मिळाला नाही. तळहात दुखतात आणि पोट दाबलं जातं. चालवत असताना कधीकधी, लेथवाल्या भावांनी विचारलं तसं, किंचित भरल्यासारखंही वाटतं.

उद्यमनगर_लेथ
ॲल्युमिनियमचा जोड काढून देतो. आधी मापं हवीत. वरचा बोल्ट सैल करायच्या आधी स्टेम कुठल्या खुणेवर आहे ते पेन्सिलने आखा. मग फोर्कच्या नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने घ्या, फूटपट्टीने नको. व्हर्नियर नसेल तर शनिवारी संध्याकाळी सायकल घेऊनच शेडवर या, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. रविवारी लाइट नसते.

सायकल_मिस्त्री
जोड बसवला की ब्रेकच्या केबल ताणल्या जातील. नव्या लांब घालून घ्या, नाहीतर हँडल वळवताना ब्रेक आपोआप लागेल. मीपण शनिवारी येतो, केबल घेऊन.

गुलमोहर
ह्यांनाही पाठवते. सायकल माझी आहे, जपून वापरा म्हणावं.